पंख्याचं विमान

अण्णांचा पहिला विमानप्रवास सॉलिड फ्लॉप गेला.

माझ्या बाजूनं तयारीत काही कसर नव्हती. पुणे ते गोवा, खिडकीची सीट, सकाळची फ्लाइट, आदल्या रात्री घेतलेले नवे बूट. वडिलांना पहिल्यांदा विमानात बसवणं हा आमच्या पिढीचा एक ठरलेला संस्कार आहे. आधी आईला स्मार्टफोन, मग वडिलांना विमान. फोटो काढायचा, फॅमिली ग्रुपवर टाकायचा, आत्या-मामांनी हात जोडलेले इमोजी पाठवायचे. मीही फोटो काढला. त्यात अण्णा पासपोर्ट ऑफिसात बसल्यासारखे दिसतात.

पाच मिनिटं त्यांनी खिडकीतून बघितलं. ढग आले. मग समोरच्या खिशातलं सूचनांचं कार्ड उलटसुलट वाचून काढलं. मग मला विचारलं, "इंजिन कुठंय ह्याचं?"

मी पंखाखाली दाखवलं.

"ते डबडं? चालू हाय का बंद?"

"अण्णा, चालू आहे म्हणून तर आपण वर आहोत."

"मग फिरताना काही दिसत कसं नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एमबीएला हे शिकवत नाहीत. दाबोळीला उतरल्यावर मी अगदी लहान मुलासारखं विचारलं, "कसं वाटलं?" अण्णा म्हणाले, "बरं होतं. एसटीपेक्षा गार."

आता थोडं मागे जावं लागेल. अण्णांचं जालन्यात इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे एक पत्र्याचा गाळा, एक जुनं लेथ मशीन, एक वाइस, ग्राइंडर आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. मोटारी नाहीत, फक्त शेतीची डिझेल इंजिनं. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची, एका सिलिंडरची, हँडल मारून चालू करायची. ज्यांनी ते हँडल एकदा तरी मारलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. ज्यांनी हँडल वेळेत सोडलं नाही त्यांना जास्तच कळेल. जिल्ह्यात लाइट कमी आणि मोसंबीच्या बागा जास्त, तोवर अण्णांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग विजेचे पंप वाढले, मग सोलर आले. गेल्या काही वर्षांत गाळ्यात दिवसभर रेडिओच जास्त चालायचा.

गोव्याच्या ट्रिपमागे माझा एक छुपा अजेंडा होता, तोही सांगून टाकतो. लेथ विकायचं, गाळा भाड्यानं द्यायचा आणि आईअण्णांना पुण्याला आणायचं. फोनवर हा विषय काढला की अण्णा "रेंज नाही" म्हणायचे. समुद्रावर रेंज असो नसो, पळून जाणार कुठं, असा माझा प्लॅन होता.

पण विमानाचं वेड मुळात अण्णांचंच. जालन्यात विमान उतरत नाही. आमचं विमानतळ म्हणजे चिकलठाणा. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. पण ते आहे जालना रोडवर, म्हणजे आमच्याच रस्त्यावर, त्यामुळे आमचा त्यावर थोडा हक्क आहे असं आम्ही समजतो. अण्णा तरुण असताना स्पेअर पार्ट आणायला औरंगाबादला जायचे तेव्हा इंडियन एअरलाइन्सचं 'ॲव्हरो' बघायचे. कानपूरला एचएएलमध्ये बनलेलं, दोन इंजिनांचं, पंख्याचं. (हवाई दलातही ती होती, आणि तिथं त्यांची जागा घ्यायला सी-295 यायला 2023 साल उजाडलं. अण्णांच्या मते याचा अर्थ एवढाच की मूळ माल चांगला होता.) मी लहान असताना ते मला लुनावर पुढे बसवून पन्नासेक किलोमीटर घेऊन जायचे. कुंपणाबाहेर उभं राहायचं. तोवर बोइंग आलं होतं. ते आलं की मी नाचायचो आणि अण्णा म्हणायचे, "हे नव्हं रे. पंख्याचं यायला पाहिजे."

26 एप्रिल 1993 ला त्याच धावपट्टीवरून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग पलीकडच्या रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि 55 माणसं गेली. त्यानंतर आईनं आमचा विमानाचा कार्यक्रम कायमचा बंद केला. तिचं चुकलं असं आजही म्हणवत नाही.

तर, गोवा. पहिला दिवस बीचवर. अण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अर्धा तास समुद्र बघितला आणि "पाणी भरपूर हाय, पण उपयोग नाही" असा टिपिकल मराठवाडी शेरा मारला. दुसऱ्या दिवशी काय करायचं हा प्रश्नच होता. चर्च बघून झाली होती, क्रूझवर ते यायला तयार नव्हते. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, 1998 पासून. विमानतळापासून अगदी जवळ. म्हटलं, तासभर जाईल.

आत गेल्यावर मोकळ्या आवारात जुनी विमानं ओळीनं उभी. सी हॉक, अलिझे, सीलँड. आणि त्या सगळ्यांच्या मागे ती.

मी 'ती' म्हणतोय, कारण दुसरं काही म्हणताच येत नाही. लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. लांबी जवळपास 35 मीटर, चार इंजिनं, शेपटीला एकाऐवजी तीन पंखे. पंखे म्हणजे उभे सुकाणू, फिरणारे नव्हेत. आणि अंग सरळ नाहीच. आजची विमानं म्हणजे दोन्ही बाजूंनी बंद केलेला पाइप. हिची पाठ मासोळीसारखी वळलेली, नाक किंचित खाली झुकलेलं. मला वाटलं डिझायनरची हौस असणार. पण नाही, हिशोब आहे. पंखे साडेचार मीटरहून मोठे, ते जमिनीला लागू नयेत म्हणून विमान उंच पायांवर उभं करावं लागलं. मग पुढचा पाय फार लांब होऊ नये म्हणून नाक खाली वाकवलं. आणि एकच शेपूट ठेवली असती तर ती इतकी उंच झाली असती की त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेली नसती, म्हणून तीन छोट्या. म्हणजे जे सौंदर्य बघून आपण मोबाइल बाहेर काढतो ते खरं तर दाराच्या उंचीवर काढलेला तोडगा आहे.

अंगावर नौदलाचा रंग आणि आयएन 315 हा नंबर. पण पन्नाशीच्या दशकात ती एअर इंडियात होती. तेव्हा एअर इंडियाच्या सगळ्या सुपर कॉन्स्टेलेशन राण्या होत्या. कुणी रानी ऑफ झाँसी, कुणी रानी ऑफ अजंता. आणि हिचं नाव रानी ऑफ एलोरा.

मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, ही आपल्याकडचीच निघाली. वेरूळची राणी."

अण्णांनी उत्तर दिलं नाही. ते तोवर पहिल्या इंजिनाखाली जाऊन उभे होते. दोन्ही हात मागे बांधून, मान वर करून. गिऱ्हाइकानं इंजिन गाळ्यासमोर आणून टाकलं की ते अस्सेच उभे राहायचे. आधी हात नाही लावायचे.

पुढचा दीड तास माझ्या एमबीएचा, पॅकेजचा आणि डेझिग्नेशनचा काहीएक उपयोग नव्हता. मी फोनवर वाचायचो आणि अण्णा समजावून सांगायचे. राइट कंपनीचं इंजिन, 18 सिलिंडर, तारेसारखे गोल लावलेले, नऊ-नऊच्या दोन ओळी. एकूण आकार सुमारे 55 लिटर. म्हणजे एकेक सिलिंडर तीन लिटरचं; एका चांगल्या एसयूव्हीचं अख्खं इंजिन तेवढं असतं. सव्वातीन हजार हॉर्सपॉवर, एकाची.

"म्हणजे आपली साडेसहाशे," अण्णा म्हणाले. "अशी चार."

मग त्यांनी बोटांवर हिशोब केला. चार इंजिनं, 72 सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग. "एकशे चव्वेचाळीस प्लग. एक खराब झाला तर सापडायचा कसा?"

हे मला खरंच माहीत नव्हतं, शोधून काढलं. वैमानिकांच्या मागे फ्लाइट इंजिनिअर नावाचा एक माणूस बसायचा. त्याच्यापुढे इंजिनांच्या घड्याळांची भिंत असायची, आणि एक छोटा पडदा, ज्यावर हिरव्या रेषेत प्रत्येक प्लगची ठिणगी दिसायची. रेषा वाकडी दिसली की कळायचं, तीन नंबर इंजिनाचा अमुक सिलिंडर रुसलाय. सगळं आकाशात, चालू विमानात. शिवाय प्रत्येक इंजिनाच्या धुरावर तीन छोट्या टर्बाइन फिरवून, वाया जाणारी ती ताकद परत क्रँकला जोडलेली. रात्री खिडकीतून एक्झॉस्टच्या निळ्या ज्वाळा दिसायच्या. पहिल्यांदा बसणाऱ्या प्रवाशाची काय अवस्था होत असेल, विचार करा.

"धुरातनं ताकद काढली," अण्णा म्हणाले. "लई लोभी काम. असलं इंजिन तापणार."

तापायचंच. या टर्बाइनवाल्या इंजिनांनी त्या काळच्या मेकॅनिकांना रडवलं. तीन इंजिनांचं जगातलं सर्वांत उत्तम विमान, असा सुपर कॉन्स्टेलेशनचा उल्लेख व्हायचा, कारण चौथं बऱ्याचदा बंद करून घरी यावं लागायचं. जेट आलं आणि काही वर्षांत हा सगळा खेळ संपला. एअर इंडियाचं पहिलं बोइंग 707 आलं 1960 मध्ये, आणि 1962 मध्ये कंपनी पूर्ण जेटवर गेली. अण्णांनी कारण एका वाक्यात सांगितलं: "पिष्टन वर जातं, थांबतं, खाली येतं, परत थांबतं. जेटमधी सगळं एकाच दिशेनं फिरतं. थांबण्यातच झीज हाय." इंटरनेटवर मी यावर तीन पानं वाचली होती.

एअर इंडियानं सोडल्यावर या राण्या हवाई दलात गेल्या, आपल्या पुण्यात, लोहगावला. म्हणजे मी ज्या धावपट्टीवरून अण्णांना घेऊन उडालो तिथंच. 1971 च्या युद्धात त्यांनी समुद्रावर टेहळणी केली. 1976 मध्ये नौदलानं घेतल्या, म्हणून ही दाबोळीला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त. प्रवासी, फौजी, दर्यावर्दी. एका आयुष्यात तीन नोकऱ्या. आमच्या ऑफिसात याला करिअर स्विच म्हणतात आणि त्यावर वर्कशॉप घेतात.

आणि दाबोळीला कॉन्स्टेलेशनची एक आणखी गोष्ट आहे. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय कॅनबेरा विमानांनी इथल्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले तेव्हा बाजूला पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं उभी होती, एक डीसी-4 आणि एक कॉन्स्टेलेशन. दोघांना ओरखडा नाही. रात्री धावपट्टी कशीबशी बुजवली आणि अंधारात, उरलेल्या तुकड्यावरून दोन्ही विमानं उडाली आणि कराचीला पोचली. आपल्या दृष्टीनं ते पळून जाणारे होते, मान्य. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी कशी काढायची याची कदर जालनेकराला असते.

मग मी त्यांना काश्मीर प्रिन्सेसची गोष्ट सांगितली. तीही एअर इंडियाची कॉन्स्टेलेशन, राणीची थोडी जुनी, थोडी छोटी बहीण. 11 एप्रिल 1955. हाँगकाँगहून जाकार्ताला निघालेली, बांडुंग परिषदेसाठी. त्यात चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय असणार होते, ते आले नाहीत. हाँगकाँगला विमान उभं असताना कुणीतरी चाकाच्या खणात टाइमबॉम्ब ठेवला होता. समुद्रावर असताना स्फोट झाला, पंख पेटला. कॅप्टन दामोदर जटार यांनी जळतं विमान पाण्यावर उतरवायचा प्रयत्न केला. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी शेवटपर्यंत प्रवाशांना लाइफ जॅकेट देत राहिल्या. 19 पैकी 16 जण गेले. तिघे वाचले, तिघेही कर्मचारी: सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि मेंटेनन्स इंजिनिअर अनंत कर्णिक.

"मेंटेनन्स म्हणजे मेकॅनिकच की," अण्णा म्हणाले.

"हो. त्यांनी नंतर त्याच्यावर पुस्तक लिहिलं."

"तो सांगणारच. बाकीच्यांना नुसता आवाज आला असंल. त्याला कळलं असंल काय तुटलं ते."

मी गप्प बसलो. अण्णांना पहिल्यांदाच असं इतकं बोलताना ऐकत होतो, आणि हे वाक्य कुठून आलं हे मला माहीत होतं. मी बारावीत असताना लेथवर त्यांच्या उजव्या हाताचं बोट गेलं. आम्हाला किंकाळी ऐकू आली होती. अण्णांनी मात्र नंतर दवाखान्यात डॉक्टरांना शांतपणे सांगितलं होतं, चक सैल झाला होता, मला आवाजावरून कळलं, पण हात निघाला नाही.

जुन्या पंख्याच्या विमानांवर जगभर लोकांचा जीव आहे. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर 2019 मध्ये सुरू झालेल्या हॉटेलात एका कॉन्स्टेलेशनचा चक्क कॉकटेल बार केलाय. आपल्याकडे 1947 मध्ये श्रीनगरला फौज उतरवणाऱ्या डाकोटाच्या आठवणीत, तोच व्हीपी 905 नंबर रंगवलेलं एक डाकोटा इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन 2018 मध्ये उडत उडत भारतात आलं. राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक होते. वडिलांसाठी कुणी विमान आणतं, कुणी वडिलांना विमानात बसवतं. बजेटचा प्रश्न आहे. आणि हे सगळं गुलाबी नाही हेही सांगायला हवं. त्याच 2018 च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमध्ये हौशी पर्यटकांना फिरवणारं जुनं युंकर्स 52 डोंगरात कोसळलं आणि वीस माणसं गेली. अरुंद दरीत फार खालून उडवलं होतं. जुन्या इंजिनाचा आवाज गोड असतो म्हणून डोंगर बाजूला होत नाही.

निघायच्या आधी अण्णा एकदा पूर्ण गोल फिरून आले. जिथं पत्र्याच्या जोडाशी रंग उडाला होता तिथं डोळे बारीक करून बघितलं. आम्ही गेलो तेव्हा आत चढायचा दरवाजा बंद होता. मला वाईट वाटलं, त्यांना नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "हे भंगारात कसं काय नाही गेलं?"

बाकी कुणी हे विचारलं असतं तर मी हसलो असतो. पण जालन्याचा माणूस विचारतो तेव्हा तो प्रश्न घरचा असतो. एके काळी म्हणायचे, जालना सोन्याचा पालना. आता आमचं सोनं म्हणजे लोखंडी सळ्या. एमआयडीसीत भट्ट्या आहेत, तिथं देशभरातून ट्रकनं भंगार येतं, वितळतं आणि टीएमटी बार होऊन बाहेर पडतं. तुम्ही पुण्यात ज्या फ्लॅटचा हप्ता भरताय त्याच्या स्लॅबमध्ये कुणाची तरी शिवणयंत्रं, सायकली आणि पाण्याची इंजिनं असू शकतात. गाळ्यातली बिनवारस इंजिनं अण्णांनी स्वतः किलोच्या भावानं दिलीत. जुनी वस्तू शेवटी कुठं जाते हे आमच्या गावाला आवाजासकट माहीत आहे.

"बाकीच्या गेल्याच असतील," मी म्हटलं. "एक ठेवली."

"ही तशी आपल्याकडं चाललीबी नसती," अण्णा म्हणाले. "ॲल्युमिनियम हाय."

आणि मग, मी तीन दिवस ज्याची जुळवाजुळव करत होतो तो विषय त्यांनी स्वतःच काढला. पार्किंगमध्ये, टॅक्सीची वाट बघताना. "लेथचं बघू आता. दिवाळीनंतर."

इथं माझी जी गोची झाली ती सांगतो. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी म्हणालो, "नको अण्णा. राहू द्या. घाई काय आहे?" गेले दीड तास ज्या माणसाला मी त्या इंजिनाखाली बघत होतो त्याचं लेथ विकायला लावणं मला एकदम जमेना. मी त्यांना सांगितलं की पुण्यात लोक असली जुनी मशीनं कॅफेत शोभेला ठेवतात. एका फ्रेंडचं तसं रेस्टॉरंट आहे, त्याला विचारतो.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. बोइंग आल्यावर मी नाचायचो तेव्हा बघायचे, तसंच.

"तिला अंगण हाय," ते म्हणाले. "सरकारी. झाडलोट करायला माणूस हाय. माझ्या लेथवर चहा ठेवणार का तुझे दोस्त?"

परतीच्या फ्लाइटमध्ये ते टेकऑफच्या आधीच झोपले.

लेथ दिवाळीनंतर गेलं. भंगारात नाही, अंबडकडच्या एका पोरानं घेतलं, ट्रॅक्टरचं काम करतो. अण्णांनी भाव मुद्दाम पाडून दिला, असं आई म्हणते. वर दोन रविवार जाऊन त्याला चक कसा आवळायचा ते शिकवून आले. पुण्याला यायचं मात्र अजून "बघू" वरच आहे. गाळा रिकामा करताना निघालेलं एक पिस्टन त्यांनी पेट्रोलनं धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत टाकलं होतं. ते माझ्या ऑफिसच्या डेस्कवर आहे. आमच्या एचआरनं परवा विचारलं, हा ॲशट्रे कुठून घेतलास.